अकोल्यातली पश्चिमेची भिंत : राहत्या घरात स्वतः केलेल्या इन्सुलेशनचं एक प्रकरण

घर अकोल्यात, साधारण वीस वर्षांचं. आरसीसीचे खांब-तुळया, मध्ये नऊ इंची विटांची भिंत, दोन्ही बाजूंनी सिमेंटचं प्लास्टर, बाहेरून गडद विटकरी रंग. खाली माझा मामेभाऊ आणि वहिनी राहतात, वर भाडेकरू. दादा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला, त्यामुळे हातात पाना-पकड नसली की त्याला करमत नाही. मी पुण्यात इमारतींच्या कामावर देखरेख करतो. कुटुंबात कुणाच्या घरात ओल आली की फोन मला येतो, तसाच हाही आला.

तक्रार एकाच खोलीची होती. तळमजल्यावरची पश्चिमेकडची झोपायची खोली. पलंगाचं डोकं पश्चिमेच्या भिंतीला, भिंतीपलीकडे मोकळा प्लॉट, सावलीला एक झाडही नाही. मी मे महिन्यात गेलो तेव्हा रात्री अकराला वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, भितीले हात लावून पाहा. ऊन जाऊन चार घंटे झाले, अजून गरमच हाये." खरंच गरम होती. हात लगेच मागे घ्यावा इतकी नाही, पण डोकं टेकवून झोपवणार नाही इतकी नक्की. दीड टनाचा एसी होता, पण पहाटेपर्यंत त्याचा कॉम्प्रेसर क्वचितच थांबायचा.

दादाने मोबाइलवर परदेशातले व्हिडिओ पाहून तयारी करून ठेवली होती. भिंतीवर लाकडी चौकट, चौकटीत काचलोकर (ग्लास वूल), वर प्लास्टिकचा कागद, त्यावर बोर्ड. सामानाची यादीसुद्धा लिहून काढलेली. ती यादी बाजूला ठेवायला मला संध्याकाळभर बोलावं लागलं.

रात्री का तापते

नऊ इंची विटांच्या भिंतीतून उष्णता आरपार यायला साधारण सहा ते आठ तास लागतात. पश्चिमेच्या भिंतीवर ऊन सर्वांत जास्त असतं दुपारी चारच्या सुमाराला. त्यात सात तास मिळवले की अकरा वाजतात. वहिनींचा हात आणि हे गणित एकाच ठिकाणी पोचतात. म्हणजे भिंतीत कुठला दोष नव्हता. वीट जशी वागते तशीच ती वागत होती.

दुसरा प्रश्न, फक्त पश्चिमेचीच का? अकोला कर्कवृत्ताच्या थोडं दक्षिणेला, २०.७ अंश अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या चौथ्या आठवड्यात दुपारचा सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो आणि त्यानंतर जुलैच्या मध्यापर्यंत तो उत्तरेकडेच झुकलेला असतो. त्या काळात दक्षिणेच्या भिंतीला थेट ऊन जवळजवळ मिळतच नाही. 'दक्षिणेचं ऊन वाईट' हे खरं आहे, पण ते हिवाळ्यात. उन्हाळ्यात मार खातात ते छत, पूर्व आणि पश्चिम. इथे छतावर भाडेकरूंचा मजला असल्याने छत सावलीत होतं. पूर्वेचं ऊन सकाळचं, तेव्हा हवा अजून त्यामानाने थंड असते. उरली पश्चिम. चारही भिंतींना बोर्ड लावायचा दादाचा बेत इथेच संपला आणि त्याचे निम्म्याहून जास्त पैसे वाचले.

आकडे मांडून पाहू. भिंतीतून उष्णता किती जाते ते यू-मूल्याने मोजतात : आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना एक चौरस मीटर भिंतीतून जाणारे वॅट. प्लास्टरसकट नऊ इंची भिंतीचं हे मूल्य २.१ च्या आसपास येतं. भिंत १४ फूट लांब, १० फूट उंच, त्यातून चार बाय चारची खिडकी वजा केली की १२४ चौरस फूट, म्हणजे साडेअकरा चौरस मीटर. मे महिन्यातल्या रात्री, दिवसभर साठलेली उष्णता धरून, या भिंतीतून खोलीत अंदाजे ५०० वॅट येत होते. ५०० वॅटचा हीटर उशाशी लावून एसी चालवायचा, असा तो प्रकार.

आधी स्वस्तातलं

पहिल्या उन्हाळ्यात आम्ही भिंतीला काहीच चिकटवलं नाही. पलंग पूर्वेच्या भिंतीकडे सरकवला. त्याला खर्च शून्य. गरम भिंतीची झळ अंगाला थेट लागते, मधली हवा थंड असली तरी. म्हणून अंतर वाढलं की फरक लगेच जाणवतो. खिडकीला बाहेरून बांबूचा तट्टा बांधला. खिडकीच्या एकेरी काचेतून दुपारी चारला सहाशेच्या आसपास वॅट आत येत असणार, म्हणजे दिवसा एवढीशी खिडकी अख्ख्या भिंतीला भारी. आतला जाड पडदा तिथे फारसा कामाचा नाही, कारण ऊन काचेच्या आत आलं की उष्णता आत आलीच. अडवायचं ते बाहेरच.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस पडायच्या आत, बाहेरच्या विटकरी रंगावर पांढरा एक्स्टिरिअर रंग दिला. गडद रंग उन्हातली ७० ते ८० टक्के उष्णता शोषतो, स्वच्छ पांढरा साधारण ३० टक्के. माझ्या हिशोबाने रात्री आत येणारी उष्णता त्याने पाव हिश्शाने कमी व्हायला हवी. दादाचं म्हणणं, "फरक पडला, पण भीत थंडी नाही झाली."

ते बरोबरच होतं. पांढरा रंग आणि सावली उन्हाला अडवतात, हवेला नाही. अकोल्यात मे महिन्यात दिवसाची आणि रात्रीची सरासरी काढली तरी हवा ३५-३६ अंशांच्या घरात असते. भिंत पूर्ण सावलीत ठेवली तरी तिच्या बाहेर ३६ आणि आत २६. त्या दहा अंशांचं काय करायचं, हा प्रश्न फक्त इन्सुलेशनने, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या थराने, सुटतो. पुण्यातल्या घरासाठी मी बहुधा रंग आणि तट्ट्यावर थांबलो असतो. अकोल्यात थांबून चालणार नव्हतं.

बाहेरून की आतून

पुस्तकी उत्तर : बाहेरून. विटेचा जड भाग इन्सुलेशनच्या आत राहतो, ऊन विटेपर्यंत पोचतच नाही. पण बाहेरून करायचं तर बोर्डावर जाळी, त्यावर पॉलिमर मिसळलेला लेप, त्यावर फिनिश, आणि हे सगळं पावसात एक थेंबही आत न घेणारं. गच्चीवरून ओघळणारं पाणी, खिडकीचा छज्जा, पाइपांचे क्लँप, प्रत्येक जागी नीट सांधा हवा. हे सरावलेल्या माणसाचं काम आहे. शिवाय बाजूचा प्लॉट दुसऱ्याचा. उद्या त्याने घर बांधलं तर आपली भिंत आपोआप सावलीत जाणार.

आतून करण्याच्या बाजूने एक भक्कम मुद्दा होता. ही खोली फक्त रात्री वापरली जाते. आतून थर दिला की एसीला दिवसभर तापलेली वीट थंड करत बसावं लागत नाही, फक्त हवा आणि बोर्ड थंड करायचा. चोवीस तास वापरातल्या खोलीसाठी मी वेगळं सांगितलं असतं.

आता ती काचलोकर आणि प्लास्टिकचा कागद. व्हिडिओतली भिंत कॅनडातली होती. तिथे हिवाळ्यात घरातली हवा उबदार आणि दमट, बाहेरची कोरडी आणि गोठलेली. वाफ आतून बाहेर जाते, म्हणून तिला अडवणारं प्लास्टिक खोलीच्या बाजूला लावतात. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये एसी लावून झोपलो की सगळं उलटं होतं. बाहेरची हवा दमट, आतला बोर्ड थंड. वाफ विटेतून आत येते, लोकरीतून सहज पुढे सरकते आणि थंड प्लास्टिकच्या मागच्या अंगाला तिचं पाणी होतं. लोकर भिजते, बुरशी धरते आणि दोन पावसाळ्यांनी वास यायला लागेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. या एका कारणासाठी आम्ही एक्सपीएसचा (एक्स्ट्रुडेड पॉलिस्टायरीनचा) बोर्ड निवडला. हा थर्माकोलचाच घट्ट, बंद पेशींचा भाऊबंद. पाणी पीत नाही, वाफेलाही बऱ्यापैकी अडवतो. तो विटेला लगटून चिकटवला की वाफ गरम बाजूलाच थांबते. त्याच हिशोबाने खोलीच्या बाजूला व्हिनाइलचा वॉलपेपर किंवा ऑइल पेंट लावायचा नाही, साधा प्लास्टिक इमल्शन चालतो.

जाडी ५० मिलिमीटर. त्याने यू-मूल्य २.१ वरून ०.४५ च्या आसपास उतरतं. २५ मिलिमीटरमध्ये ते ०.८ च्या घरात राहिलं असतं आणि ७५ घेतला असता तर आणखी थोडासा फायदा होऊन खोली उगाच अरुंद झाली असती.

भिंत तपासणं

पावसाळाभर भिंत फक्त पाहिली. हा भाग लोक गाळतात आणि सगळं इथेच बिघडतं. ओली भिंत इन्सुलेशनखाली झाकली की ओल जात नाही, दिसेनाशी होते एवढंच.

प्लास्टिकचा फूटभर चौकोन चारही कडांनी टेपने भिंतीला चिकटवून दोन-तीन दिवस ठेवायचा. थेंब खोलीच्या बाजूला आले तर ती हवेतली वाफ. प्लास्टिकच्या मागे आले तर ओल भिंतीतून येतेय. दादाने तळाला, मध्यावर आणि खिडकीखाली असे चौकोन लावले. खिडकीखालचा मागून ओला निघाला. बाहेर पाहिलं तर खिडकीच्या पाटाला उतारच नव्हता, पाणी साचून सांध्यातून आत मुरत होतं. पाट फोडून बाहेरच्या बाजूला उतार दिला, खालच्या कडेला पाणी गळून पडावं म्हणून खाच ठेवली, आणि दिवाळीपर्यंत तो भाग सुकू दिला. तळाला लोणा (भिंतीवर फुटणारा पांढरा क्षार) नव्हता, पोपडे नव्हते. ते असते तर मी इन्सुलेशनला नाहीच म्हटलं असतं.

दुसरी गोष्ट काळ्या मातीची. वऱ्हाडातली माती उन्हाळ्यात आक्रसते, पावसात फुगते, आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरक्या चिरा जातात. इथेही एक होती. चीर जिवंत आहे की मेलेली, हे पाहायला तिच्यावर आडवी काचेची पातळ पट्टी चिकटवतात. भिंत हलली की काच तडकते. मे महिन्यात लावलेली पट्टी दिवाळीनंतरही शाबूत होती. मग चीर खरवडून भरली.

तिसरी वाळवी. एक्सपीएस वाळवीच्या पोटात जात नसला तरी ती त्यातून बोगदे करते, आणि आतल्या थरामागचे बोगदे कुणाला दिसत नाहीत. तळाशी भोकं पाडून औषध भरून घेतलं. ते मात्र व्यावसायिक माणसाकडून.

काम

आधी डिस्टेंपर खरवडला. जुन्या डिस्टेंपरवर काहीही चिकटवलं तरी ते भिंतीला चिकटत नाही, डिस्टेंपरला चिकटतं, आणि डिस्टेंपर भुकटी होऊन सुटतो. हातोडीच्या दांड्याने भिंत ठोकत गेलो की जिथे भद्द आवाज येतो तिथलं प्लास्टर पोकळ. तेवढं काढून नवीन केलं.

वायरमनला एकदाच बोलावलं : स्विचबोर्डाची पेटी बोर्डाच्या जाडीइतकी पुढे आणायला आणि वायरिंग कुठून जातं त्याची खूण करून घ्यायला, नाहीतर ड्रिल नेमकं भिंतीत दडवलेल्या वायरीत शिरतं. वायर थर्माकोलला किंवा एक्सपीएसला थेट टेकू द्यायची नाही. पीव्हीसीतला मऊपणा आणणारा अंश हळूहळू फोममध्ये उतरतो आणि वायरीचं कवच कडक होऊन तडकतं. पाइपातून नेली की प्रश्न मिटतो.

मग चिकटवायचं कशाने? गल्लीतल्या सुताराने डबा आणला तो सनमायका चिकटवायच्या पिवळ्या रबरी सोल्यूशनचा. दादाने बोर्डाचा एक तुकडा घेऊन त्यावर बोटभर लावलं. बघता बघता निळ्या बोर्डात खड्डा पडला, कडा गोळा होऊन चिकट झाल्या, थोड्या वेळाने खालचं वर्तमानपत्र दिसायला लागलं. सोल्यूशनमधलं द्रावक पॉलिस्टायरीन विरघळवतं. सुतार म्हणाला, "हे तं खाऊनच टाकलं त्यानं." त्यामुळे पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा अॅडेसिव्ह घेतला, आणि बोर्डाची गुळगुळीत पाठ तारेच्या ब्रशने ओरखडून घेतली, कारण चकचकीत सालीवर सिमेंट धरत नाही.

बोर्डाच्या पाठीवर चारही कडांनी सलग पट्टा आणि मध्ये तीन-चार गोळे. नुसते गोळे लावून भागत नाही. मग बोर्ड आणि भिंत यांच्यामधून हवा फिरत राहते आणि बोर्डाला वळसा घालून उष्णता आत येते. बोर्ड १२५० बाय ६०० मिलिमीटरचे, विटांसारखे सांधेमोड करून. कुठे फट राहिली तर त्यात सिमेंट भरायचं नाही, पीयू फोम (डब्यातून मारला की फुगून घट्ट होणारा फेस) मारायचा. सिमेंटची रेघ म्हणजे उष्णतेला आयती वाट. अॅडेसिव्ह वाळल्यावर दर बोर्डाला पाच छत्रीसारख्या टोपीचे प्लास्टिक प्लग ठोकले. ५० चा बोर्ड, वर अॅडेसिव्ह आणि प्लास्टर, हे ओलांडून प्लग खुद्द विटेत दीड-दोन इंच शिरायला हवा, म्हणून लांबी १२० मिलिमीटर.

खिडकीच्या आतल्या कडांना २५ चा बोर्ड कापून लावला. पन्नासचा लावला असता तर फ्रेम झाकली जाऊन झडप उघडली नसती. काहीच लावलं नसतं तर उष्णतेने तिथून वाट काढली असती. कोपऱ्यातला आरसीसीचा खांब झाकला गेला, पण या भिंतीला येऊन मिळणाऱ्या भिंती आणि स्लॅबमधून थोडी उष्णता येतेच. ते आतून केलेल्या कामाचं न टळणारं उणेपण आहे.

एक्सपीएस खोलीत उघडा ठेवायचा नाही. ज्वालारोधक जातीचा असला तरी आगीत तो वितळतो आणि काळाकुट्ट धूर करतो. त्यावर १२.५ मिलिमीटरचा जिप्सम बोर्ड लावला, लांब स्क्रू-प्लगने फोममधून थेट विटेत कसलेला. तो फरशीपासून बोटभर वर थांबवला. आपल्याकडे फरशी बादलीभर पाण्याने पुसली जाते आणि जिप्समने खालून पाणी ओढलं की वर्षभरात त्याचा पापड होतो. खालच्या फटीवर स्क्रूने काढता येणारी स्कर्टिंग बसवली, वाळवी आणि ओल तपासायला. पडद्याच्या रॉडसाठी आणि देवाच्या फोटोसाठी मागे मरीन प्लायच्या पट्ट्या आधीच विटेत कसून ठेवल्या. वहिनींनी फोटोची जागा तीनदा बदलली, तेव्हा पट्ट्याही तीन लागल्या.

पुढचा मे

भिंत रात्री अकराला खोलीतल्या हवेइतकीच. हात लावून काही कळत नाही. एसी झोपेच्या वेळेपर्यंत खोली गार करून मध्यरात्रीनंतर अधूनमधून थांबायला लागला. दुपारी चार ते सहा मात्र खोली तट्ट्याशिवाय अजूनही तापते, कारण ते काम खिडकीचं आहे आणि भिंतीच्या बोर्डाला त्यात काही करता येत नाही.

खर्च बोर्ड, जिप्सम, प्लग, अॅडेसिव्ह, पुट्टी, रंग, वायरमन मिळून ₹२२,००० च्या आसपास, मजुरी दादाची. बचतीचा हिशोब असा : पांढऱ्या रंगानंतर उरलेल्या उष्णतेतले अंदाजे ३०० वॅट अडले. दहा तासांचे झाले ३ युनिट उष्णता, एसीला ती बाहेर फेकायला लागते साधारण १ युनिट वीज. उन्हाळ्याच्या शंभर रात्री, दहा रुपये युनिट, म्हणजे वर्षाला हजार रुपये. पैसे फिटायला बावीस वर्षं. बिलासाठी हे काम कुणी करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दादाने ते झोपेसाठी केलं, आणि झोपेचा भाव ज्याने-त्याने लावायचा. एसी नसलेल्या, रात्री खिडक्या उघड्या टाकून झोपायच्या खोलीत याच बोर्डाचा उपयोग आणखी कमी, कारण बाहेरची हवाच आत असते.

पावसाळ्यानंतर दादाने स्कर्टिंग उघडून आत टॉर्च मारला. खिडकीखालची जागा कोरडी, वाळवीची माती नाही. हे दर वर्षी करायचं ठरलं आहे.

आता भाडेकरूंनी वरच्या मजल्याचा विषय काढलाय आणि दादा पुन्हा बोर्डांचे भाव विचारत फिरतोय. वर भिंतीला हात लावायचाच नाही. तिथे तापतो तो स्लॅब, दिवसभर डोक्यावरचं ऊन घेणारा. इको-निवास संहितेने (निवासी इमारतींसाठीच्या केंद्र सरकारच्या ऊर्जाबचतीच्या नियमावलीने) २०१८ मध्ये नव्या निवासी इमारतींच्या छतासाठी यू-मूल्याची मर्यादा १.२ ठेवली, आणि इन्सुलेशन नसलेला उघडा स्लॅब तिच्या कितीतरी वर असतो. तिथे आधी गच्चीवर पांढरा रिफ्लेक्टिव्ह कोट, आणि त्याने भागलं नाही तर स्लॅबच्या वरून एक्सपीएस, त्यावर उताराचं काँक्रीट आणि पांढरा चायना मोझॅक (फुटक्या चकचकीत फरशांचा थर). ते काम घरच्या घरी करायचं नाही, वॉटरप्रूफिंगवाल्याला बरोबर घेऊनच.